लिबेरो हरला होता

खाणीवरून खाली येणारा ट्रक भर रस्त्यात थांबला तेव्हाच इल्वाने ओळखलं, की आता आपली लवकर सुटका नाही. ट्रकवर खोलीएवढा संगमरवराचा ठोकळा साखळदंडांनी जखडलेला होता. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा गदारोळ मांडला. ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला आणि थेट रस्त्याकडेला उभ्या तिच्या नवऱ्यापुढे, लिबेरोपुढे, येऊन त्याचे दोन्ही हात हातात घेऊन उभा राहिला.

"चॅम्पियन! तुम्हीच ना? माझ्या बापाने तुमचा फोटो भिंतीवर मेरीमातेच्या शेजारी लावला होता. आई रोज भांडायची त्याच्याशी. तो म्हणायचा, अगं, या माणसाने मला एक रात्र तरी सुखाची दिली, तिने काय दिलं?"

"तुझ्या बापाला नमस्कार सांग," लिबेरो म्हणाला.

"तो गेला हो, चॅम्पियन."

"हो का? मग आईला सांग."

ड्रायव्हर खदाखदा हसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. वाहतुकीचा पोलीस तणतणत आला होता. पण समोर कोण आहे हे दिसताच त्याने टोपीला हात लावला आणि वळून भोंगे वाजवणाऱ्यांवरच ओरडला.

ट्रक गेला. लिबेरो बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा होता.

"कोण होता गं?"

"ट्रकवाला. मीही ओळखत नाही."

"मला ओळखत होता."

"तुला सगळेच ओळखतात."

"मग मी का ओळखत नाही त्याला?"

"कारण तू त्याला आज पहिल्यांदाच पाहिलंस," इल्वा म्हणाली. यावेळी ते खरं होतं म्हणून तिला बरं वाटलं. एरवी खरं उत्तर देणं तिला फार जड जायचं, पण ती द्यायची. पिसाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आयुष्यभर खाल्लेले ठोसे आता मेंदूत बोलायला लागलेत, तो विचारेल त्याला हो म्हणत जा, त्याला त्रास होणार नाही. इल्वाने मान डोलावली आणि घरी येऊन मुलीला सांगितलं, "मी चाळीस वर्षं या माणसाशी खोटं बोलले नाही. आता तो मला पकडू शकत नाही म्हणून सुरू करू?"

लिबेरो वानेल्ली हा खाणकामगाराचा मुलगा. त्याचा आजा राजा आणि पाद्री दोघांनाही न मानणाऱ्यांपैकी. त्यानेच नातवाचं नाव हट्टाने लिबेरो, म्हणजे स्वतंत्र, असं ठेवलं. दगडाचे ठोकळे डोंगरावरून साबण लावलेल्या ओंडक्यांवर घसरवत खाली आणायचे, त्या टोळीत लिबेरो पोरवयात साबण चोपडायला होता. त्या कामात जो चपळ नसायचा तो जगायचा नाही. पुढे तो बॉक्सिंगमध्ये युरोपचा चॅम्पियन झाला. मिलानच्या त्या रात्री अख्खी इटली रेडिओला कान लावून बसली होती. चॅम्पियनपद त्याच्याकडे टिकलं जेमतेम दोन वर्षं. त्यानंतर त्याने आपल्या गावी, कारारात, टायरचं दुकान टाकलं, आणि ते दुकान तीस वर्षं चाललं ते टायरमुळे नव्हे. जेनोव्हापासून लोक चांगली चाकं घेऊन यायचे आणि म्हणायचे, जरा बघता का, हवा कमी वाटते.

त्याच आठवड्यात तोनारेल्ली घरी आला. नगरपालिकेत खेळांचं खातं त्याच्याकडे होतं. चांगल्या शिवणीचा सूट, हातात मिठाईचा खोका. बरोबर इल्वाची मुलगी फिओरेंझा होती, आणि ती आईच्या नजरेला नजर देत नव्हती, त्यावरूनच इल्वा काय ते समजली.

"सिन्योरा, रविवारी नव्या क्रीडागृहाचं उद्घाटन," तोनारेल्ली म्हणाला. "लिबेरो वानेल्ली क्रीडागृह! मंचावर त्यांचा अर्धपुतळा, आपल्याच डोंगराच्या दगडाचा. रोमहून पाहुणे येणार, टेलिव्हिजनवाले येणार."

"छान. किती वाजता यायचं आम्ही?"

तोनारेल्लीने कॉफीचा कप उचलला, परत ठेवला. "त्याचंच बोलायला आलो होतो. असं बघा, हा माणूस म्हणजे आमच्या पिढीचा... मी लहान असताना त्यांच्यासारखं चालायचो. लोकांच्या मनात ते जसे आहेत तसेच राहावेत असं आम्हाला वाटतं. जसे होते तसे."

"जसे होते म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही समजून घ्या."

"नाही, मला समजत नाही. मी शिकलेली नाही. तुम्ही सांगा."

फिओरेंझा मध्ये पडली. "आई, उगाच ताणू नकोस. बाबाला गर्दी सहन होत नाही. परवा बारमध्ये तो रडला. का, तर कोट सापडेना, आणि कोट त्याच्या अंगात होता."

"मग? सापडला ना शेवटी?"

"लोक हसले, आई!"

"हसू देत की."

"तुला चालतं. मला नाही चालत!" फिओरेंझाचा आवाज चिरकला. ती शेजारच्या मासा गावात शाळेत शिकवत होती, पोरांच्या गोंगाटात आवाज न चढवणारी बाई होती. "माझ्या वर्गातला एक मुलगा त्याच्यासारखा पाय ओढत चालून दाखवत होता. मी दारातून पाहिलं. सगळी पोरं हसत होती. ज्या माणसाला बघायला लोक झाडावर चढायचे, त्याची नक्कल! मला नको आहे ते. त्याने घरी बसावं, आणि लोकांनी मिलानचा लिबेरो बघावा."

इल्वाने मान वळवली. आतल्या खोलीत लिबेरो बसला होता, टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत. उघड्या दारातून त्याची रुंद पाठ दिसत होती.

"साहेब," ती अखेर म्हणाली, "लग्न झाल्यावर मी या माणसाची फुटलेली भुवई कितीदा शिवून घेतली आणि किती रात्री त्याच्या लघवीत रक्त आहे का ते पाहिलं, हे मिलानवाल्यांना माहीत नाही. तुमच्या पुतळ्याला आयता चेहरा मिळाला. त्या चेहऱ्याची किंमत ज्याने मोजली तो आत बसलाय. पुतळा येणार असेल तर तोही येईल."

"सिन्योरा, पुढच्या रांगेत जागा..."

"जागेचं मी बघते. मिठाई घेऊन जा. त्याला साखर चालत नाही."

रविवारी तिने त्याला निळा सूट घातला. दाढी तिनेच करून दिली. तुटून एका बाजूला बसलेल्या नाकाभोवती वस्तरा कसा वळवायचा ते तिच्या हाताला पाठ होतं. फिओरेंझा गाडी घेऊन आली खरी, पण वाटभर तिची नजर रस्त्यावरून हलली नाही.

क्रीडागृह तुडुंब भरलं होतं. वर गॅलरीत खाणीतली माणसं, बायका, म्हातारे. दाराशी कामगारांचा बँड. खाली पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी. लिबेरो दारात दिसताच गॅलरीतून आरोळी उठली, तशी तो दचकला आणि त्याने इल्वाचा दंड पकडला.

"कोणाची लढत आहे?"

"कोणाची नाही. तुझ्या नावाने ही जागा करतायत."

"मी मेलो का?"

"अजून नाही."

"मग ठीक आहे."

पहिल्या रांगेत कुणा बड्या पाहुण्याच्या, कमेंदातोरे पाल्मिएरींच्या, नावाची चिठ्ठी होती. इल्वाने ती उचलली, नीट घडी करून पर्समध्ये टाकली आणि नवऱ्याला तिथे बसवलं. शेजारच्या खुर्चीची चिठ्ठीही त्याच पर्समध्ये गेली. तोनारेल्लीने दुरून पाहिलं, पण टेलिव्हिजनचे दिवे लागले होते आणि दिव्याखाली भांडण काढायची त्याची हिंमत झाली नाही. फिओरेंझा दोन रांगा मागे उभी राहिली.

पुतळ्यावरचं कापड ओढलं. टाळ्या पडल्या. पांढराशुभ्र दगड, मजबूत मान, वर उचललेली हनुवटी. आणि नाक सरळ, देवदूताच्या नाकासारखं. इल्वाला वाटलं, हा कोणाचा मुलगा? लिबेरोही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता, एखाद्या परक्या लग्नात वाजवाव्या तशा.

मग तोनारेल्लीचं भाषण सुरू झालं. तो चांगला बोलला, इल्वाही ते नाकारणार नव्हती. खाणीतली गरिबी, साबण लावलेले ओंडके, मिलानची रात्र, सगळं आलं. शेवटी त्याने पुतळ्याकडे हात केला आणि आवाज चढवला. "या दगडासारखाच कणखर! ज्याला कोणी झुकवू शकलं नाही, असा आपला अजिंक्य लिबेरो!"

इल्वाच्या शेजारची खुर्ची करकरली. लिबेरो उठला होता. कपाळावर आठ्या घालून, एक पाय ओढत, तो मंचाच्या पायऱ्या चढून वर गेला. त्याला अडवायला कोणी धजलं नाही. तोनारेल्लीने हसून मिठीसाठी हात पसरले, पण लिबेरो त्याच्या शेजारून पुढे गेला आणि माइकसमोर उभा राहिला.

"नाही, नाही," तो म्हणाला. स्वतःचा आवाज एवढा मोठा ऐकून थबकला. मग सावकाश, एकेक शब्द शोधत बोलू लागला. "हे गृहस्थ चुकतायत. मी हरलो. मुलगा वेगवान होता, डेन्मार्कचा. माझा डावा हात उठत नव्हता. तुम्ही सगळे कामं टाकून आलात... गाडीला उशीर झाला तरी थांबलात. माफ करा मला. मी हरलो."

गॅलरीतली माणसं खाली बुटांकडे बघू लागली. हेच शब्द इल्वाने एकदा ऐकले होते. कोपनहेगनला पट्टा गमावून लिबेरो परत आला तेव्हा निम्मं गाव अवेंझाच्या स्टेशनवर जमलं होतं. बंद डोळा, सुजलेले ओठ, अशा अवस्थेत तो डब्याच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने हीच माफी मागितली. आणि गाव गप्प राहिलं. कुणी हुर्यो उडवली नाही, शिवी दिली नाही. लोक नुसते बुटांकडे बघत राहिले आणि मग एकेक करून पांगले. बँडवाल्यांनी वाद्यं पिशव्यांत घातली. त्या दिवसापासून कारारात कोपनहेगनचं नाव कोणी काढलं नाही. सगळी चांगली माणसं होती, त्याचं मन राखत होती. आणि त्याच्या मनात मात्र, आज तिला कळलं, तो अजून त्या पायरीवरच उभा होता, उत्तराची वाट बघत.

"संगीत!" तोनारेल्ली बँडकडे बघून कुजबुजला. "संगीत सुरू करा!"

बँडमास्तर त्याच्याकडे बघत राहिला, पण त्याचा हात काही वर गेला नाही. पाहुण्यांच्या रांगेत कोणीतरी रुमालाआड हसलं. इल्वा उठलीच होती, तेवढ्यात तिला मागून फिओरेंझाचा आवाज ऐकू आला, पोरांपुढेही न चढणारा तो आवाज, आता खणखणीत चढलेला.

"काय हसताय? हो, तुम्हालाच विचारते! माझा बाप बोलतोय तिथे. ऐका, नाहीतर बाहेर व्हा!"

इल्वा वर पोचली. तोनारेल्ली हात जोडून म्हणाला, "सिन्योरा, कृपा करा, त्यांना खाली न्या. सगळं बिघडतंय."

"काय बिघडतंय? तुमचं भाषण?" माइक चालू होता, त्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं. गॅलरीत खसखस पिकली. इल्वाने माइकची दांडी घट्ट धरली. आयुष्यात ती चार माणसांपुढे कधी बोलली नव्हती, आणि आता तिला कुणाचीच भीती वाटत नव्हती.

"तो खरं तेच सांगतोय," ती म्हणाली. "हरला होता तो. कोपनहेगनला हरला, त्याआधी रोमला हरला, आणि अगदी पहिली लढत ला स्पेत्सियाला एका खाटकाकडून हरला. अजिंक्य म्हणे! अजिंक्य दगड असतो. हा माणूस आहे, याला मार बसला. आणि आज तो तुम्हाला काही सांगतोय. मागे एकदा त्याने हेच सांगितलं होतं, तेव्हा तुमच्यातले कितीजण स्टेशनवर होते ते मला ठाऊक आहे. मी चेहरे विसरत नाही. तेव्हा तुम्ही गप्प बसलात. आज पुन्हा गप्प बसणार असाल तर सांगा, मी त्याला घरी घेऊन जाते, आणि तुमचा हा सरळ नाकाचा कोण आहे त्याला ठेवा तुम्ही."

लिबेरो समोरच्या अंधारात डोळे बारीक करून बघत होता. तेवढा वेळ इल्वाला फार लांबला.

मग वरून, गॅलरीच्या पार टोकाकडून, घोगरा आवाज आला. तो ओरिआनो कोर्सीचा होता. लढतीत दोन फेऱ्यांच्या मधे लिबेरोच्या तोंडावर पाणी मारणारा, त्याच्या भुवईतलं रक्त थांबवणारा ओरिआनो. आता कुबड्यांवर होता.

"अरे हरलास तर हरलास, गाढवा! मेला तर नाहीस! खाली ये, दारू पाजतो!"

लिबेरोने मान वर केली.

"दारू नको," तो ठासून म्हणाला. "उद्या सराव आहे."

हसण्याचा असा काही लोंढा आला की पत्रे दणाणले. पण ते हसणं रुमालाआडचं नव्हतं. खाणीतली माणसं बाकांवर उभी राहिली. "परत लढ, लिबेरो!" "त्या डेन्मार्कवाल्याला इकडे बोलाव!" "आमची नुसती माफी कसली मागतोस, पैजेचे पैसे बुडवलेस ते दे!" एक म्हातारी कठड्यावर वाकून ओरडत होती, "मी होते रे स्टेशनवर! मी होते!" आणि बँडमास्तराने, आता कोणी सांगितलं नसताना, हात वर केला. त्यांनी राष्ट्रगीत वाजवलं नाही, खाणकामगारांचं जुनं बंडाचं गाणं वाजवलं, जे पाहुण्यांसमोर वाजवायचं नाही अशी त्यांना ताकीद होती.

लिबेरो रडत नव्हता. त्याने फक्त मान हलवली, देणं-घेणं मिटल्यावर माणूस हलवतो तशी, आणि बायकोला विचारलं, "आता जेवायला मिळेल?"

मेजवानीत मुख्य टेबलावर त्यांच्यासाठी खुर्च्या नव्हत्याच. इल्वाने त्यावरून वाद घातला नाही. ती त्याला घेऊन मागे बँडवाल्यांच्या टेबलावर गेली. तिथे डुकराच्या चरबीचे पातळ काप होते, पाव होता, राजम्यात शिजवलेल्या शेवया होत्या. फिओरेंझा मुख्य टेबलावरून आपली बशी उचलून तिथे आली आणि बापाच्या कॉलरला रुमाल खोचून त्याच्या शेजारी बसली. निघताना तोनारेल्ली जवळ आला. तो दुष्ट माणूस नव्हता, नुसता हिरमुसला होता.

"टेलिव्हिजनवाले यातलं काही दाखवणार नाहीत, सिन्योरा. एवढी मेहनत..."

"नाही दाखवलं तर नाही," इल्वा म्हणाली. "ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं."

त्याचं खरं ठरलं. त्या रात्री बातम्यांत पुतळा दाखवला, मिलानची जुनी फिल्म दाखवली, आणि लिबेरो वानेल्ली प्रकृतीच्या कारणामुळे उपस्थित राहू शकले नाहीत असं सांगितलं. कारारात लोकांनी टेलिव्हिजनला शिव्या घातल्या आणि भोंगे वाजवत गल्लीत दोन चकरा मारल्या.

दुसऱ्या दिवशी बारमध्ये बसायला जागा नव्हती. ओरिआनो कुबड्या खुर्चीला टेकवून बसला होता. कोणी घसा खाकरला, कोणी कोणाला कोपराने ढोसलं, आणि शेवटी ओरिआनोनेच विचारलं, "सांग ना रे, कोपनहेगनला काय झालं ते. मी कोपऱ्यात होतो, पण आत तू होतास."

इल्वाला वाटलं, याला काय आठवणार? सकाळी त्याने तिला दोनदा विचारलं होतं की आपल्याला मुलगी आहे का. पण लिबेरोने साखरदाणी पुढे ओढली, दोन कप समोरासमोर मांडले आणि सांगायला सुरुवात केली. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. मुलगा कोणत्या पायावर वळायचा, खांदा कुठे आणायचा, चौथ्या फेरीत डाव्या हातात कळ कशी आली आणि ती त्याने ओरिआनोपासूनही कशी लपवली. एकही गोष्ट इकडची तिकडे झाली नाही. इल्वाने त्याची लढत कधी पाहिली नव्हती, रेडिओवर ऐकलीही नव्हती. लढतीच्या रात्री ती रेडिओ बंद करून स्वयंपाकघरात भांडी घासत बसायची. ही पहिली लढत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होती.

सांगून झाल्यावर मागे उभा असलेला एक जाडजूड माणूस जोराने म्हणाला, "पण चॅम्पियन, मी वाचलंय, त्या परीक्षकांनी तुम्हाला लुटलं! पट्टा तुमचाच होता!"

लिबेरोचे डोळे एकदम बारीक झाले. त्याने टेबलावर मूठ ठेवली, आपटली नाही, नुसती ठेवली.

"कोणी लुटलं नाही," तो म्हणाला. "मला लुटणारा परीक्षक अजून जन्मायचाय. त्या मुलाने मला हरवलं. त्याच्या हाताने हरवलं. पंधरा फेऱ्या मी उभा होतो आणि त्याला ते करायला पंधराही फेऱ्या लागल्या. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही. आणि माझ्याकडूनही नाही. समजलं?"

"समजलं, चॅम्पियन," जाडा माणूस म्हणाला आणि गर्दीत मागे सरकला.

लिबेरो इल्वाकडे वाकला. "कोण होता गं?"

"माहीत नाही. कोणी बाहेरगावचा असेल."

"काहीही बोलतात लोक," लिबेरो म्हणाला, आणि त्याने दोन्ही कप पुन्हा समोरासमोर मांडले, कारण दारातून आणखी काही जण आत येत होते आणि त्यांनी पहिल्या फेऱ्या ऐकल्या नव्हत्या.